शेण, मेण आणि ‘थांब’ : बालकथेतील शब्दार्थसंबंधांविषयी

माझी मुलगी चार वर्षांची असताना एका पावसाळी संध्याकाळी तिची चित्रांची वही गॅलरीत राहिली आणि भिजून तिचा लगदा झाला. तो लगदा दोन्ही हातांत धरून ती आत आली आणि म्हणाली, “आई, माझी वही शेणाची झाली.”

तोपर्यंत तिने शेण पाहिलेले नव्हते. आम्ही शहरात चौथ्या मजल्यावर राहतो. शेणाचा वास, स्पर्श, रंग यांपैकी काहीही तिच्या अनुभवात नव्हते. हा शब्द तिला मिळाला होता तो माझ्या आईने सांगितलेल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतून. कावळ्याचे घर शेणाचे होते, पाऊस आला, ते वाहून गेले. चिमणीचे घर मेणाचे होते, ते टिकले. एवढ्या सामग्रीवर तिने शब्दाचा अर्थ बांधला होता : पाण्यापुढे जे टिकत नाही ते शेणाचे. कोशाच्या दृष्टीने हा प्रयोग चुकीचा होता, परंतु कथेच्या दृष्टीने तो अचूक होता.

‘मराठी बालकथेची भाषा’ हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. त्यामुळे मुलीच्या या वाक्याने मला आनंद व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात मी काहीशी अस्वस्थ झाले. प्रबंधात मी कथांमधील शब्द मोजले होते, त्यांचे अर्थक्षेत्रांनुसार वर्गीकरण केले होते, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे तक्ते दिले होते. शब्दांमधील संबंध भाषेत आधीपासून असतात आणि कथा त्यांचा उपयोग करते, हे त्यामागचे गृहीतक होते. ते मी कोठेही तपासले नव्हते. शेण आणि मेण हे कोणत्याही कोशात विरुद्धार्थी शब्द नाहीत. त्यांना समोरासमोर उभे करते ती गोष्ट. माझ्या मुलीने संबंध आधी घेतला आणि वस्तू नंतर घेतली. मी नेमका उलटा क्रम गृहीत धरून चारशे पाने लिहिली होती.

बालसाहित्याच्या भाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती मुख्यतः सोपेपणाच्या अंगाने होते. जोडाक्षरे किती, वाक्ये केवढी, शब्द मुलाच्या अनुभवविश्वातील आहेत की नाहीत, हे प्रश्न विचारले जातात. पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायही शब्दांकडे याच दृष्टीने पाहतात. ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ असे म्हटले की दिवस-रात्र, उंच-ठेंगणा, गरीब-श्रीमंत अशा जोड्या तयार असतात. मूल त्या पाठ करते आणि गुण मिळवते. परंतु मुलाच्या मनात रुतून बसतात त्या जोड्या स्वाध्यायांतून आलेल्या नसतात. त्या गोष्टींतून आलेल्या असतात आणि कोणीही त्या जोड्या म्हणून शिकविलेल्या नसतात. म्हणूनच त्या नैसर्गिक वाटतात, आणि म्हणूनच समीक्षेने त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून निर्माण होते, हा सोस्यूरचा सिद्धान्त १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांमुळे सर्वपरिचित झाला. शेण-मेण या जोडीत हे अगदी उघड दिसते. दोन शब्दांत एकाच व्यंजनाचा फरक आहे. उरलेला शब्द तोच, यमक पूर्ण. कानाला जे इतके जवळचे वाटते ते अर्थाने दोन टोकांना नेऊन ठेवणे, ही या गोष्टीची मूळ युक्ती आहे. ती किती टिकाऊ ठरली याचा पुरावा मराठी वाङ्मयाच्या आरंभापाशीच सापडतो. १३व्या शतकातील लीळाचरित्रात ही गोष्ट आहे. तेथे मेणाचे घर चिमणीचे नाही, ‘साळै’चे, म्हणजे साळुंकीचे आहे. सातशे वर्षांत साळुंकी गेली आणि चिमणी आली. कावळा राहिला, शेण राहिले, मेण राहिले. पात्र बदलले तरी संबंध बदलला नाही.

आता या संबंधाला वस्तुस्थितीचा आधार किती, असे विचारता येईल. आधार आहे, पण तो एका ऋतूपुरता. पावसात शेण विरघळते, मेण विरघळत नाही. हीच गोष्ट वैशाखात घडली असती तर चिमणीचे घर वितळले असते आणि कावळ्याचे वाळून खडखडीत झाले असते. भर्तृहरीने वाक्यपदीयात शब्दाचा नेमका अर्थ कशामुळे निश्चित होतो याची जी गणना केली आहे, तीत प्रकरण, देश आणि काल यांचा समावेश आहे. शेणाचा ‘कच्चे’ हा अर्थ कालाने ठरविला आहे. परंतु गोष्ट संपते, पाऊस थांबतो, आणि अर्थ मात्र बारमाही होऊन बसतो.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात शेणाने सारवलेल्या घरात गेले. आई सणाच्या आदल्या दिवशी ओटा, माजघर आणि स्वयंपाकघर सारवीत असे. ताजे शेण पाण्यात कालवून, तळहाताने एकसारखी अर्धवर्तुळे काढीत ती मागे मागे सरकत जाई. जमीन वाळेपर्यंत आम्हांला उंबरठ्यावर बसून राहावे लागे. वाळल्यावर त्या वळणांवर पाय ठेवताना जी स्वच्छता जाणवे, ती मला नंतर कोणत्याही फरशीवर जाणवली नाही. शेण आमच्या घरात घाण नव्हते, घाण काढण्याचे साधन होते. अंगणातला शेणसडा दिवस सुरू झाल्याची खूण होती.

अशा घरात ही गोष्ट कशी सांगितली जात होती, हे मला मुलीच्या त्या वाक्यानंतर आठवू लागले. आईच्या सांगण्यात कावळ्याचे घर शेणाचे म्हणून पडत नसे. कावळा आळशी होता, पावसाळ्यापूर्वी त्याने घर सारवले नाही, भिंतीला तडे गेले ते बुजवले नाहीत, म्हणून ते पडे. रोज शेणात हात घालणाऱ्या बाईला शेण हे कमीपणाचे लक्षण म्हणून मान्य होण्यासारखे नव्हते. तिने वस्तूंमधला विरोध काढून टाकला आणि त्या जागी आळस व उद्योग यांचा विरोध आणला. शब्द तेच ठेवून तिने संबंध बदलला होता. मी भाषाविज्ञान शिकले, पण हे लक्षात यायला मला चाळिशी उजाडावी लागली.

समानार्थाची कसोटी म्हणून आपण विद्यार्थ्यांना प्रतिस्थापन शिकवितो. एका शब्दाच्या जागी दुसरा घातला आणि वाक्यार्थ टिकला, तर ते शब्द समानार्थी. शेण आणि गोमय या शब्दांचा निर्देश एकाच पदार्थाकडे आहे. पण कावळ्याचे घर गोमयाचे होते, असे सांगून पाहावे. गोष्ट तत्काळ कोलमडते. गोमयाचे घर वाहून जाणे हा अपघात ठरेल, कदाचित अपशकुनही ठरेल. गोमय पूजेच्या तयारीत असते, शेण गोठ्यात असते, आणि वाक्प्रचारात तर शेण खाल्लेही जाते. पुण्यात १८४८ नंतर मुलींना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोकांनी फेकले ते शेण होते. फेकणाऱ्यांच्या घरांतील जमिनी बहुधा त्याच शेणाने सारवलेल्या असतील. पदार्थ एक आणि त्याला मिळणारी प्रतिष्ठा जागेनुसार वेगळी, ही व्यवस्था भाषेत दोन शब्दांनी सांभाळली जाते. बालकथा त्यांपैकी एक शब्द निवडते आणि ती निवड निरागस नसते.

हे सर्व विचार घेऊन मी काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात या कथेवर व्याख्यान दिले. फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे काऊ, शेण, विरघळणे, बाहेर. उजवीकडे चिऊ, मेण, टिकणे, आत. लीळाचरित्र सांगितले, भर्तृहरी सांगितला, आईचे सारवणेही सांगितले. व्याख्यान चांगले झाले असे मला वाटत होते. शेवटच्या बाकावर एक विद्यार्थी बसत असे. गावाबाहेरच्या वस्तीतून आलेला, फारसा न बोलणारा. त्याने हात वर केला.

“मॅडम, कावळ्याचं घर शेणामुळं गेलं, हे बरोबर. पण घर गेल्यावर तो भिजला तो शेणामुळं नाही. चिमणीनं दार उघडलं नाही म्हणून भिजला. ‘थांब’ हा शब्द तुम्ही कुठल्या रकान्यात घालणार?”

मी फळ्याकडे पाहिले. तो शब्द तेथे नव्हताच. प्रबंधातही नव्हता. मी नामे घेतली होती, काही क्रियापदे घेतली होती. कथेत सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द मात्र मी घेतला नव्हता. तो पालुपद आहे, लयीसाठी आहे, असे म्हणून मी त्याला अर्थाच्या हिशेबातून वगळले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी गोष्ट स्वतःशीच पुन्हा सांगून पाहिली. कावळा दार वाजवतो. चिमणी थांबायला सांगते, कारण ती बाळाला न्हाऊ घालते आहे. पुन्हा वाजवतो. पुन्हा थांब, कारण अंग पुसायचे आहे. मग कपडे, मग काजळ, मग पाळणा. प्रत्येक कारण खरे आहे. एकाही कारणात दोष काढता येत नाही. ‘थांब’ या शब्दाच्या अभिधेत पुढे काहीतरी घडण्याचे आश्वासन आहे : थांबणाऱ्याला शेवटी आत घेतले जाईल. पहिल्या वेळी शब्दाचा अर्थ तेवढाच असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच शब्दाचा अर्थ ‘नको’ याच्या जवळ जाऊन पोहोचतो. थांब आणि नको हे शब्द कोणत्याही समानार्थी शब्दकोशात शेजारी बसणार नाहीत. कथा त्यांना केवळ पुनरावृत्तीच्या बळावर समानार्थी करते आणि हे करताना एकही कठोर शब्द वापरत नाही. काही घरांत तर शेवटी दार उघडल्यावरही कावळ्याला चुलीपाशी चटका बसतो, आणि ऐकणारी मुले हसतात.

मम्मटाने व्यंजनेच्या संदर्भात वक्ता आणि बोद्धव्य, म्हणजे ज्याला सांगितले जाते तो, यांच्या वैशिष्ट्याला महत्त्व दिले आहे. हा विचार आपण शृंगाराच्या उदाहरणांवर शिकवितो. त्याची खरी कसोटी मला या बालकथेत दिसली. आजीच्या मांडीवर बसलेल्या, कोरड्या अंगाच्या मुलाला ‘थांब’ या शब्दात गंमत वाटते. पुढची सबब कोणती येणार याची ते वाट पाहते. ते दाराच्या आतल्या बाजूला असते. माझा विद्यार्थी दाराबाहेरून गोष्ट ऐकत होता. शाळेच्या दाखल्यासाठी, जातीच्या प्रमाणपत्रासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी खिडकीपुढे उभे राहून हा शब्द त्याने ऐकला होता, आणि त्या खिडक्यांतूनही प्रत्येक वेळी कारण खरेच असते. हे त्याने नंतर मला सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला कावळ्याचीच काळजी वाटत असे, एवढेच तो म्हणाला.

एका गोष्टीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य. म्हणून इतर कथा याच दृष्टीने पाहू लागले. लेकीकडे निघालेल्या आणि भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत लठ्ठ होऊन येण्याचे वचन आहे. वाघाला ते वचन मान्य होते, कारण त्याच्या दृष्टीने लठ्ठ म्हणजे अधिक मांस. म्हातारीच्या दृष्टीने लठ्ठ म्हणजे लेकीने खाऊपिऊ घालून केलेले कौतुक. शब्द एक, बोलणारा आणि ऐकणारा यांचे अर्थ दोन, आणि म्हातारीचा जीव त्या दोन अर्थांमधल्या फटीत वाचतो. मूल येथे अनेकार्थाचा पहिला धडा शिकते : दुबळ्याला शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असणे उपयोगी पडते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील प्रसंग सर्वांना आठवत असेल. आंघोळ झालेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओचे पसरायला लावतो. आई पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला सुचविते. घाण हा शब्द तळव्यावरून मनावर नेला जातो आणि वाचणाऱ्या मुलाला लक्षणेचा परिचय होतो. उपदेश म्हणून या प्रसंगाची भरपूर वाखाणणी झाली आहे. मला त्यातील शब्दव्यवहार अधिक लक्षणीय वाटतो. आईने नवा शब्द दिलेला नाही, परिचित शब्दाला नवा शेजार दिला आहे. मात्र असा शेजार दिला की तो दोन्ही दिशांनी काम करतो. मन मळते हे मूल शिकते, तसेच ज्यांचे पाय मळलेले असतात त्यांच्याविषयी काही ग्रहही करून घेऊ शकते. ती जबाबदारी गुरुजींच्या आईवर टाकता येणार नाही. ती शिकविणाऱ्यावर येते.

या विवेचनाचा एक उपयोग मला नको आहे, तो स्पष्ट केला पाहिजे. अशा गोष्टी सुधारून घ्याव्यात, चिमणीने पहिल्याच हाकेला दार उघडावे आणि कावळ्याला ऊन ऊन दूध द्यावे, असे कोणी म्हणू लागले तर त्याला माझी संमती नाही. दार लगेच उघडले तर ‘थांब’ या शब्दाला काहीच घडत नाही, आणि शब्द वापरता वापरता कसा उलटतो हे पाहण्याची संधी मुलाच्या हातून जाते. भाषेतील क्रौर्य ओळखण्याचे शिक्षण यापेक्षा सौम्य रीतीने कोठे मिळणार? माझे म्हणणे एवढेच, की बालकथेची भाषा सोपी असते हे विधान आपण शब्दांपुरते करावे. संबंधांच्या पातळीवर ती सोपी नसते. तेथे ती प्रौढ वाङ्मयाइतकीच गुंतागुंतीची असते, आणि अधिक परिणामकारकही असते, कारण ऐकणाऱ्याकडे पडताळून पाहण्यासाठी दुसरा शब्दसंग्रह अजून तयार झालेला नसतो.

येथे भर्तृहरीच्या गणनेतील आणखी दोन घटकांकडे वळते : साहचर्य आणि विरोधिता. अलंकारशास्त्रात त्यांची ठरलेली उदाहरणे आहेत. लक्ष्मणाच्या शेजारी ‘राम’ म्हणजे दशरथाचा पुत्र. कार्तवीर्य अर्जुनाच्या समोर ‘राम’ म्हणजे परशुराम. नाव एकच, सोबत्याने आणि वैऱ्याने अर्थ बदललेला. मराठी मुलाला हा धडा त्याच्याही आधी मिळतो. जेवू घालताना आई एक घास चिऊच्या नावाने भरवते, दुसरा काऊच्या नावाने. ताटात चिऊ आणि काऊ सहचर असतात, त्यांचे घास सारखे असतात. रात्री गोष्टीत तीच दोघे दाराच्या दोन बाजूंना उभी राहतात. एकाच दिवशी, एकाच तोंडून, मूल हे दोन्ही संबंध ऐकते आणि त्यांत त्याला विसंगती वाटत नाही. आपण मोठेपणी त्यांतला एकच लक्षात ठेवतो.

तिसरा संबंध मला गेल्या वर्षी भेटला. आईच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी पिंड ठेवून उभे होतो. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली येत नव्हते. काकांनी हात जोडले, आईची राहिलेली कामे आम्ही करू म्हणून सांगितले. मग मामांनी सांगितले. ऊन चढत होते. आमच्यापैकी प्रत्येक जण काहीतरी खरे कारण, काहीतरी खरे वचन पुढे करीत होता आणि कावळा आम्हांला थांबवून ठेवीत होता. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. ती हळूच म्हणाली, “आजीने त्याला किती वेळ दाराबाहेर ठेवलं होतं!” मला हसू आले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच रडूही आले. दीड तासाने कावळा उतरला.

या वर्षी ती कथा पुन्हा अभ्यासाला घेतली, तेव्हा मी फळ्यावर रकाने आखले नाहीत. प्रत्येकाने आपल्या घरी सांगितली जाते तशी गोष्ट सांगावी, एवढेच सांगितले. तेवीस विद्यार्थ्यांनी ती सांगितली. दोन घरांत साळुंकी नव्हे, चिमणीही नव्हे, होली होती. एका घरात कावळीण होती आणि तिलाही पिले होती. शेण आणि मेण सर्वांच्या गोष्टीत होते. ‘थांब’ हा शब्द किती वेळा येतो, हे मी या वेळी मोजले. कोणत्याही दोन घरांत तो सारख्या वेळा आला नाही.